विश्लेषण : श्रीलंकेची ‘स्वस्त’ सहल नेमकी कोणाला स्वस्त पडते?

मुंबईहून जेमतेम अडीच तासांचे विमान, भारतीय रुपयाला तीनहून अधिक श्रीलंकन रुपये आणि एकाच छोट्या देशात चहाचे मळे व निळा समुद्र. परदेशवारीची हौस आहे, पण खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, अशा घरांत श्रीलंकेचे नाव हमखास निघते. मात्र ही सहल ज्या पद्धतीने विकली आणि केली जाते, त्यात प्रवाशांचे पैसे फारसे वाचत नाहीत. ज्या गावांसाठी ते जातात, त्यांच्या हातीही फार काही पडत नाही. दोन्ही बाजूंचा तोटा टाळायचा, तर हिशेब किती ठिकाणे पाहिली याचा नव्हे, किती दिवस एका गावात राहिलो याचा करायला हवा.

भारतीयांची गर्दी का वाढली?

२०२४ मध्ये श्रीलंकेत सुमारे २०.५ लाख परदेशी पर्यटक आले. त्यातील सर्वाधिक, म्हणजे चार लाखांहून अधिक भारतीय होते. त्याआधी २०२३ च्या अखेरीस श्रीलंकेने भारतासह सात देशांच्या प्रवाशांचे व्हिसाशुल्क माफ केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथे यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली. तमिळनाडूतील नागपट्टिनम ते जाफनाजवळचे कांकेसंतुरै ही प्रवासी बोटसेवाही ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि खंडानंतर पुढच्या वर्षी पूर्ववत झाली. शुल्क माफ असले तरी प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घ्यावीच लागते. हे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले असल्याने तिकीट काढण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ पाहणे केव्हाही चांगले.

ही स्वस्ताई आली कुठून?

या देशाने थोड्या काळात बरेच सोसले. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक लोक मारले गेले आणि पर्यटक पाठ फिरवून गेले. पाठोपाठ करोना आला. २०१८ मध्ये २३ लाखांवर गेलेली पर्यटकसंख्या २०२१ मध्ये दोन लाखांच्याही खाली आली. परकीय चलन आटले आणि एप्रिल २०२२ मध्ये सरकारने परदेशी कर्जांची परतफेड थांबवली. मार्च २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण दोनशे श्रीलंकन रुपये मिळत होते. काही आठवड्यांत हा आकडा साडेतीनशेच्या पुढे गेला. त्याच वर्षी महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात पोहोचला. पेट्रोल, गॅस आणि औषधांसाठी लोक रांगांत उभे होते.

पाहुण्याला जी स्वस्ताई दिसते, तिचे मूळ या पडझडीत आहे. डोंगरातील चहाच्या मळ्यांत तर ती आणखी जुनी आहे. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात तमिळनाडूतून मजूर आणून हे मळे पिकवले. त्यांचे वंशज आजही तेथे पाने खुडतात. या कामगारांची मूळ रोजंदारी २०२४ मध्ये १,३५० श्रीलंकन रुपये ठरली, म्हणजे जवळपास चारशे भारतीय रुपये. त्यानंतर वाढीची घोषणा झाली, तीही दीर्घ मागणीनंतर. रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या हिरव्या उतारांचे छायाचित्र घेताना एवढे ठाऊक असलेले बरे.

मग पैसे वाया कुठे जातात?

‘पाच रात्री, चार शहरे’ हा अशा सहलींचा ठरलेला साचा. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा; एखाद्या दिवशी सिगिरियाचा डोंगरी किल्लाही त्यात कोंबलेला. नकाशावर अंतरे छोटी दिसतात. प्रत्यक्षात घाटांचे अरुंद रस्ते आणि गावागावांतून जाणारी वाहतूक यांमुळे कोलंबो ते कँडी या सव्वाशेहून कमी किलोमीटरच्या प्रवासालाही तीन-चार तास सहज लागतात. विमानाचे भाडे एकदा भरले की ते ठरलेले असते. त्यानंतरचा मोठा खर्च असतो तो चालकासह गाडीचा, आणि रोज गाव बदलायचे म्हटले की गाडी रोज लागते. रोज नवी खोली घ्यावी लागते, त्यामुळे चार-पाच दिवस राहणाऱ्याला मिळणारी सवलतही हातची जाते. जेवण वाटेवरच्या, गाड्या थांबण्यासाठीच उभारलेल्या मोठ्या उपाहारगृहात होते आणि तेथील दर परदेशी पाहुणा धरूनच लावलेले असतात.

म्हणजे सुट्टीचा निम्मा वेळ गाडीत आणि निम्मा पैसा गाडीवर. ज्या गावाचे नाव जाहिरातीत ठळक असते, तेथे प्रवासी दोन तास थांबतो, फोटो काढतो, शहाळे पितो आणि निघतो. गावाच्या वाट्याला शहाळ्याचे पैसे, गाड्यांची कोंडी आणि कचरा येतो.

डोंगरात कसे राहावे?

बदुल्ला जिल्ह्यातील एल्ला हे त्याचे ठळक उदाहरण. सुमारे हजार मीटर उंचीवरचे हे छोटे गाव. जवळच डेमोदराच्या वाटेवर १९२१ मध्ये पूर्ण झालेला नऊ कमानींचा रेल्वेपूल आहे. समाजमाध्यमांनी तो जगभर पोहोचवला. गाडी येण्याच्या वेळेला तेथे शेकडो लोक मोबाइल उंचावून उभे असतात. गाडी गेली की बहुतेक सारे निघून जातात.

याच गावात तीन-चार रात्री राहणाऱ्याला वेगळे एल्ला मिळते. ‘लिटल ॲडम्स पीक’ची टेकडी पहाटे चढता येते. ‘एल्ला रॉक’साठी अर्धा दिवस लागतो. या दोन्हींना गाडी लागत नाही, पाय पुरतात. घरातल्याच दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. कोकणातील घरगुती मुक्कामाची सवय असलेल्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. खोलीचे पैसे थेट त्या घरात जातात आणि भाजी गावच्या बाजारातून येते.

कँडी ते एल्ला हा रेल्वेप्रवास सहा-सात तासांचा. कॉफी आणि चहा बंदरापर्यंत नेण्यासाठी ब्रिटिशांनी टाकलेला हा मार्ग १९२४ मध्ये बदुल्लापर्यंत पोहोचला. पट्टिपोला स्थानकाजवळ तो जवळपास १,९०० मीटर उंची गाठतो. आरक्षित तिकिटे विक्री सुरू होताच संपतात आणि मग चढ्या भावाने विकली जातात. हा काळाबाजार इतका वाढला की २०२५ मध्ये त्याची पोलीस चौकशी झाली. त्यावर साधा उपाय म्हणजे अनारक्षित दुसरा किंवा तिसरा वर्ग. भाडे अगदी कमी, खिडक्या उघड्या आणि सोबतीला शाळकरी मुले व बाजाराला निघालेली माणसे. दारात लोंबकळून फोटो काढण्याचा मोह मात्र आवरावा. त्या नादात पर्यटकांचे जीव गेले आहेत.

समुद्रकिनारा केव्हा आणि कोणता?

मराठी कुटुंबांची मोठी सुट्टी मे महिन्यात येते आणि गफलत येथेच होते. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कोसळतो. मिरिसा, वेलिगामा, उनावटुना येथे तेव्हा समुद्र खवळलेला असतो. ‘ऑफ सीझन’ म्हणून खोली निम्म्या दरात मिळते खरी, पण पाण्यात पाय टाकण्याची सोय नसते. याच काळात देशाच्या पूर्वेला त्रिंकोमाली, निलावेली आणि अरुगम बे येथे समुद्र शांत आणि ऊन स्वच्छ असते. म्हणून मे महिन्यात पूर्व किनारा आणि डिसेंबर ते मार्च दक्षिण किनारा, हे गणित पक्के ठेवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत, दोन्हीकडे पावसाची शक्यता असते.

दक्षिण किनाऱ्यावर गॉलचा किल्ला १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पोर्तुगीजांनी रचलेला पाया आणि डचांनी बांधलेली तटबंदी यांच्या आत आजही लोक राहतात, शाळा भरतात. तटावरून फिरायला पैसे पडत नाहीत. कोलंबोहून गॉलकडे जाणारी रेल्वे बराच वेळ लाटांच्या शेजारून धावते. याच मार्गावर २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने पेरालियाजवळ आख्खी प्रवासी गाडी उलटवली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. तेथे स्मारक आहे. सहलीच्या गाड्या क्वचितच थांबतात.

मिरिसाजवळच्या समुद्रात हिवाळ्यात निळे देवमासे दिसतात. सर्वांत स्वस्त बोट निवडली की ती बहुधा देवमाशाच्या अगदी जवळ घुसते, कारण ग्राहकाला फोटो हवा असतो. प्राण्यांपासून अंतर राखण्याचे नियम २०१२ पासून आहेत, पण ते पाळणाऱ्या बोटीचे तिकीट थोडे महाग असते. हा फरक देण्यात कंजुषी करू नये.

खाणे आणि फिरणे स्वस्तात कसे?

श्रीलंकेतही छोट्या खानावळीच्या पाटीवर ‘हॉटेल’च लिहिलेले असते. त्यामुळे महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुपारी तेथे ‘राइस अँड करी’ मिळते : भात, डाळ, फणस, बीट किंवा भोपळ्याची नारळाच्या दुधातली भाजी आणि ओल्या खोबऱ्याचे ‘पोल सांबोल’. शाकाहारींनी एक सावधगिरी घ्यावी. सांबोलमध्ये आणि काही भाज्यांमध्ये ‘मालदीव फिश’ म्हणजे सुकवलेल्या मासळीचा चुरा असतो, तो नको असे आधीच सांगावे. सकाळी आणि रात्री तांदळाच्या पिठाचे ‘हॉपर’ आणि शेवयांसारखे ‘स्ट्रिंग हॉपर’ मिळतात.

सरकारी बस एसटीच्या लालपरीसारखीच लाल आणि तितकीच सर्वत्र जाणारी आहे. एल्लाहून वेल्लवायामार्गे मातारापर्यंत बसने उतरले की दक्षिण किनारा गाठता येतो. तीन रात्री डोंगरात आणि चार रात्री एकाच किनाऱ्यावर, मधला प्रवास रेल्वे व बसने, असा आठवडा काढला तर गाडीचा रोजचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. दिवस दोन वाढूनही एकूण खर्च धावत्या सहलीच्या आसपास राहू शकतो. रिक्षासाठी ‘पिकमी’ हे स्थानिक ॲप बहुतेक शहरांत चालते.

घासाघीस करावी का?

जेथे परदेशी माणूस पाहून दुप्पट भाव सांगितला जातो, तेथे अवश्य करावी. मात्र घरगुती खोलीच्या भाड्यातून किंवा रस्त्यावरच्या फळवालीकडून शेवटचे पन्नास रुपये काढून घेणे आणि विमानतळावरच्या कॉफीला मुकाट्याने दहापट मोजणे, हा काटकसरीचा उलटा हिशेब झाला. वाहतूक, धावपळ आणि हंगाम चुकवणे यांत हजारो रुपये वाचवता येतात. तेथे वाचवावे. यजमानाच्या ताटातून वाचवण्यात शहाणपण नाही.

पॅकेज घेऊच नये का?

प्रत्येकाला आठ दिवसांची रजा मिळत नाही. सोबत वृद्ध आई-वडील किंवा लहान मुले असतील, तर गर्दीची बस आणि अनारक्षित डबा झेपणार नाही. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांना कोणीतरी सोबत हवे असते. या अडचणी खऱ्या आहेत. अशा वेळी गाडी घ्यावी, पॅकेजही घ्यावे. पण चारऐवजी दोनच मुक्काम मागावेत. ग्राहकांनी मागितले तर कंपन्या तशा सहली आखतील. आज त्या आखत नाहीत, कारण जाहिरातीत शहरांची संख्या मोजूनच गिऱ्हाईक ठरते.

वादळानंतर जावे का?

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो बळी घेतले. बदुल्ला, नुवारा एलिया आणि कँडी या डोंगरी जिल्ह्यांत दरडींनी वस्त्या गाडल्या आणि डोंगरातील रेल्वेमार्गाचे मोठे नुकसान झाले. त्यामुळे निघण्यापूर्वी कोणत्या टप्प्यावर गाड्या सुरू आहेत, हे पाहावेच लागेल. पावसाळी दिवसांत उतारावर टांगलेल्या, ‘व्ह्यू’ विकणाऱ्या खोलीपेक्षा गावातली साधी खोली निवडणे शहाणपणाचे.

अशा गावांना दया नको असते, मुक्काम हवा असतो. दोन तासांसाठी येणाऱ्या शंभर गाड्यांमुळे रस्ते तुंबतात. चार रात्री राहणाऱ्या दहा कुटुंबांमुळे गावातल्या दहा घरांत हंगामभर चूल पेटते. त्या दहा कुटुंबांचा खर्चही आटोक्यात राहतो आणि परतल्यावर त्यांना गावाचे नाव आठवण्यासाठी मोबाइलमधले फोटो चाळावे लागत नाहीत.