किनाऱ्याचा हिशेब

दरडोई ऊर्जेचा वापर ही संस्कृतीच्या प्रगतीची मोजपट्टी होय, असा सिद्धान्त अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लेस्ली व्हाइट यांनी १९४३ साली मांडला. आपल्या नियोजनकारांनी तो वाचला असो वा नसो, व्यवहारात शिरोधार्य मानला. तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, ते याच श्रद्धेच्या काळात.

पदार्थविज्ञान मात्र अधिक सावध होते. ऊर्जा नष्ट होत नाही, हे जूलने दाखविले. परंतु सारी उष्णता कामी लावता येत नाही, हे क्लॉसियसने त्याच शतकात बजावले. अणुभट्टीतील उष्णतेचा जेमतेम तृतीयांश विजेत उतरतो. उरलेली समुद्राच्या पाण्यात सोडावी लागते. केंद्र किनाऱ्यावर उभारण्याचे एक मोठे कारण हेच. म्हणजे किनारा हा युरेनियमइतकाच वीजनिर्मितीचा घटक ठरतो. अर्थशास्त्राने त्याची किंमत कधी मांडली? २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठविण्यात आली. दरडोई सरासरीत बोईसरचा कारखानदार आणि पोफरणचा मच्छीमार एकाच आकड्यात विरघळतात. घराच्या बदल्यात घर देता येते. होडी लावण्याच्या आणि जाळी वाळविण्याच्या जागेचा भाव कोणत्या तक्त्यावरून काढावयाचा?