क्लिक केलं, पण फाईल उघडतच नाही!

मित्रहो, मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी शब्द जास्त येतील, सांभाळून घ्या.

लोहाऱ्याच्या होस्टेलमध्ये राहिलं की मेसच्या वरणाची आणि सीनियर्सच्या फोल्डरची सवय होतेच. नोट्स, प्रॅक्टिकल्स, प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं त्यात असतं. एखादा हौशी सीनियर त्यासाठी एचटीएमएलचं पानही बनवतो. नावावर क्लिक करा, फाईल हजर! त्याच्या स्वतःच्या मशीनवर हे मस्त चालतं. तेच पान लॅबच्या सर्व्हरवर चढवलं की लिंक मुकी होते. मग सगळे म्हणतात, "ब्राउजरच बेकार आहे बे!"

माझं मत वेगळं आहे. ब्राउजर बरोबर वागतो. वेबवरून आलेलं पान म्हणजे बाहेरचा पाहुणा. त्याला बैठकीत बसवावं, घरातलं कपाट उघडू देऊ नये. २००० साली विंडोज ९५ आणि ९८ मधला एक दोष गाजला होता. पानात सी ड्राइव्हवरच्या 'कॉन-कॉन' अशा पत्त्याची लिंक पेरली की अख्खं मशीन कोलमडायचं, कारण 'कॉन' हे नाव डॉसच्या काळापासून कीबोर्ड-स्क्रीनसाठी राखीव आहे. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी मार्चमध्ये पॅच काढावा लागला. दुसरा धोका शेअर फोल्डरचा. तसा पत्ता उघडायला गेलं की विंडोज पलीकडच्या अनोळखी मशीनला आपल्या पासवर्डचा हॅश पाठवू शकतं. फायरफॉक्स आणि क्रोम अशा लिंक अडवतात ते उगाच नाही.

तक्रार आहे ती गप्प बसण्याची. क्लिक केल्यावर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, कारण लिहिलेलं असतं ते डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये. तिथे कोण बघतं? वॉर्डनने गेट जरूर बंद करावं, पण पाटी तरी लावावी ना!

आता उपाय. लिंकमध्ये 'सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स' असा पूर्ण पत्ता लिहूच नये. तो फक्त आपल्या मशीनचा पत्ता, पेनड्राइव्हने दुसरीकडे नेला तरी निरुपयोगी. पान आणि फाईल्स एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्या आणि लिंकमध्ये नुसतं फाईलचं नाव द्यावं. मग फोल्डर पेनड्राइव्हवर न्या नाहीतर पूर्ण सर्व्हरवर चढवा, लिंक चालते. होस्टेलच्या लॅनवर वाटायचं असेल तर पायथनमध्ये एका ओळीची कमांड देऊन छोटा वेब सर्व्हर सुरू होतो. तो मात्र फक्त त्याच फोल्डरमधून चालवा, आणि काम झालं की बंद करा.

लॅबमधल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. प्रोजेक्ट जमा करून घेताना तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. सीनियर पास होऊन पुण्याला गेला की त्याच्या सी ड्राइव्हचा पत्ता आम्ही विचारायचा कुणाला? वर्षभराची मेहनत सीडीत असूनही ज्युनियरला सापडत नाही, आणि तो तेच प्रोजेक्ट पुन्हा पहिल्यापासून करत बसतो.