मनोऱ्याखालचा अंधार

गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून भामरागड तालुका आहे. पर्लकोटा नदीला पूर आला, की पूल पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, हे तेथील माणसांनी कित्येक पावसाळे अनुभवले आहे. अशा दुर्गम भागात वीज गेली, की मोबाइलचा मनोरा काही तास बॅटरीवर तग धरतो, त्यानंतर डिझेलच्या जनित्रावर. डिझेलची गाडी नदीपलीकडे अडकली, की मनोरा मुका होतो. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका मागवायची, मदतपथकाला निरोप द्यायचा, अशी निकड ज्या दिवशी सर्वाधिक, नेमका तोच दिवस यंत्रणा बंद पडण्याचा!

शेअर बाजारातील पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या सामाजिक व पर्यावरणीय उत्तरदायित्वाचा अहवाल देणे ‘सेबी’ने बंधनकारक केले आहे. दूरसंचार कंपन्यांचे असे अहवाल वाचण्यासारखे असतात. कागद गुळगुळीत, छायाचित्रे हिरवीगार. कर्ब उत्सर्जन शून्यावर आणण्याची आश्वासने आहेत, त्यांची मुदत कोठे २०३५, कोठे २०५०. पर्यावरणाचे प्रकरण वेगळे आणि समाजातील वंचितांना सामावून घेण्याचे प्रकरण वेगळे. आमचा आक्षेप या विभागणीलाच आहे. भामरागडसारख्या ठिकाणी ही दोन प्रकरणे नसून एकच प्रश्न आहे. ज्या मनोऱ्याला डिझेल लागते, तो महाग पडतो. महाग पडतो म्हणून उभारला जात नाही, आणि उभारला तरी संकटकाळी टिकत नाही.

याचा हिशोब फार पूर्वीच मांडला गेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ मध्ये या विषयावर शिफारशी केल्या, तेव्हा देशात सुमारे ३ लाख १० हजार मनोरे होते आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के ग्रामीण भागात होते. मनोऱ्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६० टक्के ऊर्जा डिझेल जनित्रे पुरवीत. एक जनित्र तासाला सुमारे दोन लिटर डिझेल पिते आणि एक लिटर डिझेल जळले, की २.६३ किलो कर्बवायू हवेत जातो. वर्षाला २०० कोटी लिटर डिझेल मनोऱ्यांखाली जळत होते, आणि ते बव्हंशी आयात केलेल्या खनिज तेलापासून बनलेले! डिझेलची चोरी हे तर या व्यवसायातील उघड गुपित. मनोरा एका कंपनीचा, त्यावरील सेवा दुसऱ्या कंपनीची, आणि ऊर्जेचे बिल पहिलीकडून दुसरीकडे सरकवले जाणार, अशा व्यवस्थेत बचत कोणी करायची?

सरकारने ४ जानेवारी २०१२ रोजी आदेश काढला. २०१५ पर्यंत ग्रामीण भागातील ५० टक्के आणि शहरांतील २० टक्के मनोरे अपारंपरिक ऊर्जेची जोड असलेल्या संमिश्र विजेवर चालवायचे आणि २०२० पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ७५ व ३३ टक्क्यांवर न्यायचे, असे ठरले. कंपन्यांनी खर्चाचे गाऱ्हाणे मांडले, आणि २०१७ मध्ये प्राधिकरणाला हा विषय पुन्हा नव्याने हाती घ्यावा लागला. आदेश काढणे आणि तो पाळून घेणे यांतील अंतर आपल्या देशात किती असते, हे वाचकांना नव्याने सांगायला नको.

हे अशक्य होते का? मुळीच नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या सरकारी संस्थेतील तरुण अभियंत्यांनी खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे दूरध्वनी केंद्र घडविले. परदेशी बनावटीच्या केंद्रांना वातानुकूलित खोली लागे. हे केंद्र आपल्या उन्हात, धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालावे, हीच त्याच्या रचनेची अट होती. ‘शाश्वतता’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. खेड्यातील परिस्थिती समोर ठेवून यंत्र घडविले, तर वीजही वाचते आणि खेड्यापर्यंत सेवाही पोहोचते, एवढी साधी समज त्यामागे होती. पुढे गावोगावी एसटीडी-पीसीओचे बूथ उभे राहिले. त्यांच्या वाटपात अपंगांना प्राधान्य होते आणि त्या एवढ्याशा खोक्यावर कितीतरी घरे चालली. मोबाइल आला आणि ते बूथ गेले. नवे तंत्र जुन्याला दूर सारणारच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु नव्याने जोडलेल्या ग्राहकांची संख्या सांगणाऱ्या कोणत्या अहवालात त्या चरितार्थ गमावलेल्या माणसांसाठी एखादी ओळ आहे?

पैशांची सबब येथे पुढे करता येणार नाही. सर्वांपर्यंत दूरसंचार सेवा पोहोचावी म्हणून २००२ पासून कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के वाटा स्वतंत्र निधीसाठी घेतला जातो. हा पैसा अखेर तुमच्या-आमच्या बिलातूनच येतो. त्याचा मोठा भाग कित्येक वर्षे विनावापर पडून राहिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. नाव बदलले, तशी खर्चाची गतीही बदलायला हवी.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटू लागले आहे, हे नमूद केलेच पाहिजे. २७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवेपासून वंचित २४ हजार ६८० गावांसाठी २६ हजार ३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत संचार निगमच्या स्वदेशी ४जी यंत्रणेचे आणि सुमारे ९७ हजार ५०० मनोऱ्यांचे लोकार्पण झाले. दुर्गम, सीमावर्ती आणि नक्षलग्रस्त भागांतील गावांसाठीचे मनोरे सौरऊर्जेवर चालणारे असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. दीनदयाळजींच्या अंत्योदयाच्या कल्पनेशी जुळणारे असे हे काम आहे. मात्र सौरपट्ट्यांवरील धूळ कोण पुसणार आणि काही वर्षांनी बॅटरी निकामी झाल्यावर नवी कोण बसवणार, याची व्यवस्था आजच लागली नाही, तर हेच मनोरे उद्या गंजत उभे राहतील. जुन्या बॅटऱ्यांचीही विल्हेवाट रीतसर लागली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०१२ पासून लागू आहेत, तरी दिल्लीच्या सीलमपूरमध्ये हातोडी आणि आम्ल घेऊन तो फोडणारे हात गरिबांचेच राहिले.

थोडे आपल्या घरातही डोकवावे लागेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५३.९ टक्के होते, आणि कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के. हे अंतर कोणत्याही मनोऱ्याने भरून निघणारे नाही. घरातला फोन कोणाच्या खिशात असतो, याचे उत्तर कुटुंबप्रमुखांनीच द्यायचे आहे.

कंपन्यांकडे आमची मागणी मात्र अगदी छोटी आहे. २००९ च्या नियमावलीत मनोरे बंद राहण्याची मर्यादा २ टक्के होती, पण ती संपूर्ण सेवाक्षेत्राची सरासरी! पुण्याचे मनोरे चालू राहिले, की भामरागडचे मौन त्यात विरघळून जाई. २०२४ च्या नियमावलीने जिल्ह्यात २४ तासांहून अधिक काळ सेवा खंडित झाल्यास ग्राहकाला सवलत देऊ केली. नैसर्गिक आपत्तीला मात्र त्यातून वगळले. म्हणजे पुरात अडकलेला ग्राहक पुन्हा कोरडाच! तेव्हा पुढील वार्षिक अहवालात हिरव्या छायाचित्रांची दोन पाने कमी करावीत आणि त्या जागी दुर्गम तालुक्यांतील प्रत्येक मनोऱ्याचा तक्ता छापावा: वर्षभरात किती लिटर डिझेल जळाले आणि किती तास मनोरा बंद होता. त्या तक्त्यात आम्ही सर्वप्रथम भामरागडचे नाव शोधू.