गजकर्ण : लाली ओसरली, बुरशी नव्हे
पावसाळ्यात आर्णीच्या शिवारात ओल्या कपड्यांनी राबणाऱ्यांच्या जांघेत, कमरेवर गजकर्ण उठते आणि एकाच टॉवेलातून घरातील वृद्धांपर्यंत पोहोचते. ही बुरशी त्वचेतील केराटिन या कठीण प्रथिनावर जगते. केराटिनाच्या सान्निध्यात तिची काही जनुके अधिक कार्यरत होतात. परिणामी सल्फाइट व पाचक विकरे स्रवतात. सल्फाइट केराटिनाचे बंध सैल करते, विकरे त्याचे पचन करतात.

स्टेरॉइडमिश्रित मलमाने लाली आणि खाज शमते. परंतु लाली ही शरीराच्या प्रतिकाराची खूण होय. तो प्रतिकार दबला की बुरशी निर्वेध पसरते. भारतात बळावलेल्या, २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळालेल्या बुरशीवर तर जनुकीय बदलामुळे टर्बिनाफिन हे प्रचलित औषधही अनेकदा निष्प्रभ ठरते.

म्हणून दुकानातून परस्पर मलम आणू नये. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलेला औषधकाळ खाज थांबली तरी पूर्ण करावा. घरातील सर्व बाधितांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. वृद्धांच्या त्वचेच्या घड्या कोरड्या ठेवाव्यात, टॉवेल स्वतंत्र असावा आणि मलम लावणाऱ्याने हात धुवावेत.