'लागणे' आणि आपण तिची लावलेली वाट

इंग्रजीतल्या 'गेट'चं कौतुक ऐकून कान किटले राव. गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे... ही फ्रेजल व्हर्ब्ज पाठ करायला आपण स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे मोजतो, आणि मग ऑफिसात कोणीतरी हमखास म्हणतो, "मराठीत ही ताकद नाही रे." ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी 'रन'चे ६४५ अर्थ मोजल्याचं २०११ साली जगभर छापून आलं. अभिनंदन! आता जरा आपल्या 'लागणे'कडे बघा.

भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो. डोळा लागला की झोप, नजर लागली की मीठमोहऱ्या. दूध पातेल्याला लागतं, एसटीत बसलं की काहींना गाडी लागते, आणि शेजारचा माणूस बोलता बोलता आपला लांबचा मामा लागतो! आमच्या नगर जिल्ह्यात बोअरला पाणी लागलं तर पेढे, नाही लागलं तर नुसतंच कर्ज. जुलै-ऑगस्टात उसाची आडसाली लागण होते. हीच 'लागण' तापाची झाली की दवाखाना. शिवाय 'जावं लागतं' मधली सक्ती आणि 'रडायला लागला' मधली सुरुवात ही व्याकरणाची कामं वेगळीच.

आणि आपण काय करतो? सगळ्या क्रियापदांना घरी बसवून एकट्या 'करणे'ला राबवतो. कट कर, वेट कर, ट्राय कर, फाइंड कर. माझं भांडण नामांशी नाही. सर्व्हर सर्व्हरच राहू दे, टेबलाला मेज म्हणा असा माझा अजिबात हट्ट नाही. नामं पाहुण्यासारखी येतात, त्यांनी घर मोडत नाही. पण क्रियापद गेलं की वाक्यात आपलं उरतं काय? "मला हंग्री फील होतंय" म्हणणाऱ्या पोराची फक्त भूक 'लागायची' थांबत नाही; लागवड, लागोपाठ, लागलीच, लागेबांधे ही सगळी भावकी त्याला परकी होते. ऊस लावणाऱ्या आजोबांशी तो बोलणार कसा?

यावर ठरलेलं उत्तर: "टेक्निकल गोष्टी मराठीत बोलताच येत नाहीत." साफ खोटं! "बग दिसतोय, पण कशामुळे येतो त्याचा पत्ता लागत नाही" यात अडलं कुठे? याच जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. अख्खी गीता उलगडायला तेव्हा मराठी क्रियापदं पुरली, आणि आपल्याला साधं 'थांब' म्हणायला 'वेट कर' लागतं?

भाषा कमी पडत नाहीये मंडळी, आपल्याला आळसाची लागण झालीय. सोमवारच्या स्टँडअपमध्ये फक्त क्रियापदं तेवढी मराठी वापरून बघा. दोन दिवस जीभ अडखळेल. मग लागेल सवय.