‘ओआरएस’ लिहिलेलं पेय आणि जुलाबात घटणारं पोटॅशियम

एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक आदेश काढला. फळांचा रस किंवा इतर तयार पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरता येणार नाही, मागेपुढे दुसरा शब्द जोडूनही नाही. आधी ‘हे डब्ल्यूएचओच्या सूत्राचं ओआरएस नाही’ अशी सूचना छापण्याच्या अटीवर ही मुभा होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं पाठपुरावा केला होता.

एका नावावरून एवढा वाद का? कारण जुलाब लागलेल्या रुग्णाच्या घरचे बारीक अक्षरातली सूचना वाचत नाहीत. ते दुकानात ‘ओआरएस द्या’ म्हणतात आणि हातात येईल ते पाजतात.

जुलाबात नेमकं काय जातं?

जुलाबातून फक्त पाणी जात नाही. सोडियम आणि पोटॅशियमही जातं. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असावं लागतं. ते कमी झालं की पायांत गोळे येतात, हातपाय गळून जातात, पोट फुगतं, छातीत धडधडतं. २.५ च्या खाली गेलं तर स्नायू इतके कमजोर होऊ शकतात की उठून बसणंही कठीण होतं आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात.

‘जुलाब थांबले, पण अंगात ताकदच नाही’ ही तक्रार आपण अशक्तपणा म्हणून सोडून देतो. त्यामागे कधी कधी पोटॅशियमची कमतरता असते.

खऱ्या ओआरएसमध्ये काय असतं?

एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. इथे ग्लुकोज गोडीसाठी नसतं. ते आतड्यातून सोडियम आत घेतं आणि सोडियमबरोबर पाणी शोषलं जातं. म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे. गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट असू शकते. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात आणि पोटॅशियम आणखी जातं.

घरी काय करावं?

- पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलं आहे का ते पाहा. पाकिटावर दिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पाकीट विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका. तयार केलेलं पाणी २४ तासांत संपवा.
- मीठ-साखरेचं पाणी तात्पुरतं चालतं, पण त्यात पोटॅशियम नसतं. सोबत केळं, डाळीचं पाणी, शहाळ्याचं पाणी द्या.
- नुसत्या शहाळ्यावर राहू नका. त्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी असतं.
- लहान मुलांना चमच्याने, थोडं थोडं पाजा. अंगावरचं दूध बंद करू नका.

कोणी जास्त जपावं?

रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांचं पोटॅशियम आधीच कमी असू शकतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना थोडी घटही धोक्याची. अशा रुग्णांना जुलाब-उलट्या झाल्या तर लवकर डॉक्टरांना दाखवा. कोणती गोळी थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्या.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचा प्रश्न उलटा असतो. त्यांच्या शरीरात पोटॅशियम साठतं आणि तेही हृदयाला घातक ठरतं. त्यांनी शहाळं किंवा पोटॅशियमचं सिरप स्वतःच्या मनाने घेऊ नये. खरं तर पोटॅशियमचं सिरप कोणीच रक्त तपासल्याशिवाय घेऊ नये. सिरम इलेक्ट्रोलाइट्स ही साधी तपासणी आहे.

ताबडतोब दवाखाना गाठा

लघवी खूप कमी होणं, मूल सुस्त पडणं, काहीच पोटात न टिकणं, शौचातून रक्त, हातपाय उचलता न येणं, धडधड किंवा चक्कर असेल तर घरी वाट पाहू नका.

आदेशाने पाकिटावरचं नाव बदलेल. दुकानात मागताना मात्र ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची ओआरएस पावडर द्या’ असं स्पष्ट सांगणं आपल्याच हातात आहे. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. दोन पाकिटं घरात कायम ठेवा.