झिरो-टर्न घेण्याआधी: कोटेशनमध्ये नसलेले तीन आकडे

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय ऐकून हसाल: गवत कापायचं मशीन.

आम्ही सौदीत, खोबरजवळच्या एका कंपाउंडमध्ये राहतो. इथे कंपाउंड म्हणजे भिंतीआडची वसाहत. आत व्हिला, एक पूल, मुलांसाठी झोपाळे आणि मधोमध हिरवळ. आमची हिरवळ साधारण 2,500 चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या एकराहून थोडी जास्त. गेल्या वर्षी जुनी दोन ढकलायची मशीन्स कुरकुरायला लागली आणि रहिवाशांच्या बैठकीत प्रस्ताव आला की बसून चालवायचा झिरो-टर्न घेऊ. खर्च मेंटेनन्समधून, म्हणजे आपल्याच खिशातून. कोटेशन माझ्याकडे आलं, कारण मी सीए. "ताई, तुम्ही जरा नजर टाका." टाकली नजर, आणि तीन आकडे असे सापडले जे त्या कागदावर नव्हतेच.

आधी हे मशीन काय, ते सांगते. झिरो-टर्नला स्टिअरिंग नसतं. मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळा जोर मिळतो आणि हातात दोन दांडे असतात. एक पुढे, एक मागे केला की मशीन जागच्या जागी गर्रकन फिरतं. पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी, कुठेही वळणारी. झाडांभोवती, कोपऱ्यात पुन्हापुन्हा मागेपुढे करावं लागत नाही, त्यामुळे वेळ खूप वाचतो. यात काही खोटं नाही.

पहिला आकडा: 100 रियाल. 42 इंची पात्याचं मशीन ताशी 8 किलोमीटरने चालवलं, वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरले, तर तासाला साधारण 6,800 चौरस मीटर कापतं. 21 इंची ढकलायचं मशीन साधारण 1,700. म्हणजे आमची हिरवळ 22 मिनिटांत होईल, आज दीड तास लागतो. वर्षातून 40 वेळा कापणी धरा. वाचले 45 तास. आता खर्च. कोटेशन 24,000 रियालचं. त्यावर 15 टक्के व्हॅट (आठवतंय ना, 1 जुलै 2020 ला 5 वरून 15 झाला), म्हणजे 27,600. आयुष्य 8 वर्षं धरलं तर वर्षाला 3,450. पाती, तेल, आणि इथल्या धुळीत सतत बदलावे लागणारे एअर फिल्टर, असे अजून हजार. वर्षाचे 4,450 भागिले 45. वाचलेला एकेक तास आपल्याला 100 रियालना पडतो. त्या पैशात आमच्या माळीकाकांचा जवळपास दोन दिवसांचा पगार निघतो.

नवरा म्हणाला, "तू पैसे बघतेस, त्यांची पाठ बघ. तू एकदा ढकलून बघ ते मशीन जुलैमध्ये." मुद्दा खरा आहे आणि मी तो खोडू शकले नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उन्हात काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे, पण सकाळी नऊलाही इथलं ऊन काय असतं ते आखातातल्या लोकांना सांगायला नको. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

दुसरा आकडा: 25 दिवस. उन्हाळ्यात इथल्या गवताला दर चौरस मीटरला रोज 8 लिटर पाणी तरी लागतं. आमच्या 2,500 मीटरला रोज 20,000 लिटर. एक मोठा टँकर, दररोज. या देशात बारमाही नदी एकही नाही. प्यायचं पाणी बहुतेक समुद्राचं गोडं केलेलं, आणि रियाधला तर ते आखाताच्या किनाऱ्यावरून चारशेहून जास्त किलोमीटर पाइपने जातं. पाणी वाचवायला सरकारने देशातल्या शेतकऱ्यांकडून गहू घेणं 2016 पर्यंत थांबवलं होतं. इथल्या मोठ्या डेअरी कंपनीने, अलमराईने, गायींच्या चाऱ्यासाठी 2014 मध्ये अमेरिकेत अॅरिझोनात जमीन घेतली. गायीच्या चाऱ्याचाही हिशेब जिथे होतो, तिथे आम्ही बघायला छान वाटतं म्हणून गवत पाजतोय.

माझं माहेर लातूर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पहिल्या फेरीत 10 वॅगन, प्रत्येकी साधारण 50,000 लिटर. माझी आई तेव्हा फोनवर सांगायची की भांडी धुतलेलं पाणी संडासला ठेवते. कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी भागाकार केला. लातूरला आलेली ती पहिली गाडी आमच्या हिरवळीला 25 दिवस पुरेल. फक्त 25. पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ काही सुचलंच नाही.

तिसरा आकडा: 16 वर्षं. आई-बाबांनो, बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. मशीन दाखवायला आणलं त्या संध्याकाळी सगळी मुलं जमली. एका शेजाऱ्यांनी हौसेने एकेकाला मांडीवर बसवून फेरी मारली. माझ्या सात वर्षांच्या धाकट्यालाही. मी समोर उभी राहून व्हिडिओ काढत होते! वळताना तो एका बाजूला घसरला, त्यांनी दंडाला धरून ओढलं, सगळे हसले. मीही हसले. पाती बंद होती म्हणून ही गोष्ट आज हसत सांगता येते.

रात्री झोप लागेना म्हणून मॅन्युअल वाचलं. चालवणारा सीटवरून उठला की पाती थांबतात, ही सोय असते. पण मूल मांडीवरून खाली पडलं तर चालवणारा सीटवरच असतो. मशीनला काही कळत नाही, पाती फिरतच राहतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, स्पष्ट सांगते: बसून चालवायचं मशीन 16 वर्षांखाली नाही, ढकलायचं 12 खाली नाही, सहाच्या आतली मुलं कापणी चालू असताना घरात. आणि मांडीवर कोणालाच नाही, कधीच नाही. आपल्याकडे गाडी घेतली की पोराला स्टिअरिंगवर बसवून फोटो काढतात, तोच हा लाड. इथे तो करू नका.

टेक्सास, मेलबर्न, टोरांटोकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे खरंच एकरभर जागा असेल आणि शनिवार-रविवार तुम्हीच कापत असाल, तर झिरो-टर्न घ्या, मी अडवत नाही. फक्त किमतीआधी हे बघा: उतार 15 अंशांपेक्षा जास्त असेल किंवा तळं, नाला जवळ असेल तर हे मशीन नको, पुढची चाकं पकड घेत नाहीत आणि ओल्या गवतावर ते घसरतं. उलटलं तर वाचवणारी मागची कमान आणि सीटबेल्ट दोन्ही हवेत. फाटकाची रुंदी मोजा, नाहीतर 54 इंची पातं बाहेरच राहील. आणि सर्व्हिसवाला गावात आहे का, हे विकणाऱ्याला नाही, शेजाऱ्याला विचारा.

आमच्याकडे काय झालं? मी बैठकीत सांगितलं की आपण मशीन निवडतोय, पण आधी गवत निवडायला हवं. मुलं फुटबॉल खेळतात तो तुकडा 900 मीटरचा. उरलेल्या 1,600 मीटरवर कोणी पाय ठेवत नाही, फक्त गॅलरीतून बघतो. तिथे खडी, आणि गाफ, सिद्रसारखी इथलीच कमी पाण्याची झाडं लावू. एक बाई म्हणाल्या, "हिरवं दिसलं की घरी असल्यासारखं वाटतं हो." मला ते कळतं. गावाकडे फोटो पाठवताना मागे हिरवळ आली की आपण सुखात आहोत हे न बोलता सांगता येतं. पण इथून जवळच, दहरानच्या अरामको वसाहतीत, लोक कित्येक वर्षं तेल मारलेल्या वाळूवर गोल्फ खेळले. गवताशिवाय काही अडत नाही.

शेवटी अर्धंच जमलं: निम्मं गवत काढायचं ठरलं, झिरो-टर्न रद्द झाला. आणि नवऱ्याच्या मुद्द्यासाठी, स्वतःच्या जोरावर पुढे जाणारं बॅटरीचं मशीन घेतलं, जे ढकलावं लागत नाही. उन्हाळ्यात कापणी सकाळी साडेसातच्या आत संपवायची, हेही लिहून घेतलं. माळीकाकांना विचारलं, कसं आहे? म्हणाले, "मशीन अच्छा है मॅडम, पर घास कम हुआ वो जादा अच्छा है."

तुमच्याकडे किती गवत आहे, आणि त्यावर खरंच कोण खेळतं? मोजून सांगा. आणि मांडीवर बसवलेला जुना फोटो असेल तर तो घरातल्यांना दाखवून एकदा बोला. मी माझा व्हिडिओ अजून डिलीट केलेला नाही. धाकट्याला दाखवायला ठेवलाय.